आधी पेटी बंद ठेवा

मृग कोरडा गेला की माझ्याकडं कागद यायला लागतात. परभणीत मी पेटी शिकवतो, एकादशीला एका भजनी मंडळात साथीला बसतो, त्यामुळं आसपासच्या हौशी कवींना माझं घर ठाऊक आहे. कुणी वहीचं पान आणतं, कुणी मोबाईलमध्येच टाइप केलेलं असतं. "मास्तर, एवढ्याला चाल लावून द्या की."

पूर्वी मी लगेच पेटी पुढं ओढायचो. भाता हलला की बोटं आपोआप धावायची, पाच मिनिटांत चाल तयार. समोरचा खूश, मीही खूश. वर्षभरानं लक्षात आलं, की मी पाच-सहा जणांना जवळजवळ एकच चाल वाटली होती. शब्द कुणाचेही असोत, बोटांना रोजच्या रियाजातल्या वाटा पाठ असतात आणि ती त्याच वाटेनं जातात. तेव्हापासून चाल बांधायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की पेटी, कीबोर्ड, गिटार, जे काही असेल ते बंद ठेवा. चाल शब्दांत असते. ती तिथून काढायची आणि मग वाद्यावर तपासायची.

खाली जे सांगतोय ते एका चार ओळींच्या उदाहरणावरच सांगतो, म्हणजे हवेत राहणार नाही. ओळी माझ्याच आहेत, साध्या आहेत:

काळी ही तापली । ढेकूळ सुटेना ।
आभाळ फुटेना । काय करू ॥

अक्षरं मोजा, मग मोठ्यानं वाचा

हा मोठ्या अभंगाचा साचा आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण येतात. तुमची कविता मुक्त असेल तरी हरकत नाही, पण मोजणं चुकवू नका. एका कडव्यात सहा अक्षरं आणि पुढच्यात त्याच जागी नऊ असतील, तर चाल लावताना घाम फुटतो. कवी समोर असेपर्यंतच शब्द कमी करून घ्यावेत. नंतर तो भेटत नाही.

मोजून झालं की ओळी वाचा. गाऊ नका, नुसत्या बोला. शेजाऱ्याला गाऱ्हाणं सांगताना बोलाल तशा. आवाज कुठं टेकतो, कुठं वर जातो, श्वास कुठं घ्यावासा वाटतो, तिथं पेन्सिलीनं खुणा करा. "काळी" म्हणताना मी 'का'वर टेकतो. "ढेकूळ"मध्ये 'कू' लांबतो. "काय करू" म्हणून झाल्यावर मी थांबतो, पुढं बोलायला काहीच उरत नाही. ही शेवटची खूण सगळ्यांत कामाची ठरणार आहे.

इथं मराठीची एक खोड सांभाळावी लागते. आपण लिहितो "तापली", बोलतो "ताप्ली". मधल्या 'प'चा अ आपण गिळतो. अभंगाच्या मोजणीत मात्र ते अक्षर पुरं धरलेलं असतं, म्हणून गाताना त्याला मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, द्यावी लागते. द्यायची, पण लांबवायची नाही. "ता-पऽऽ-ली" असं ओढलंत की ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. ओढायला 'ता' आहे, 'ली' आहे. नवशिक्याच्या चालीत काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाही, अशा वेळी मी आधी हेच बघतो, आणि दहापैकी सात वेळा चोर तिथंच सापडतो.

ठेका शब्दांना विचारून ठरवा

आता मांडीवर हात धरा आणि एकच ओळ तीन तालांत म्हणून बघा.

दादरा, सहा मात्रा. सहा अक्षरं, प्रत्येकाला एक मात्रा: का ळी ही ता प ली. बसतं बरोबर, पण ओळ पळायला लागते. श्वासाला जागा नाही, 'का'ला टेकायला जागा नाही. पाळण्यात घालून झुलवल्यासारखं होतं, आणि इथं तर जमीन भेगाळली आहे.

रूपक, सात मात्रा, तीन-दोन-दोन: का ळी ही । ता प । ली ऽ (ऽ म्हणजे आधीचं अक्षर आणखी एक मात्रा). हे बरं आहे. शेवटी एका मात्रेचा विसावा मिळाला. थोडं अडखळत चालल्यासारखं वाटतं, ते या शब्दांना शोभतंही. पण मंडळातल्या टाळकऱ्यांना सातात धरून ठेवणं म्हणजे दुसरीच साधना.

भजनी ठेका, आठ मात्रा: का ऽ ळी ही । ता प ली ऽ. इथं 'का' दोन मात्रा टेकला, 'ली'ही टेकली, आणि 'प'ला नेमकी एकच मात्रा मिळाली. बोलताना केलेल्या खुणांशी हे जुळतं. मी हाच घेतला. चारही चरण असे बसतात:

का ऽ ळी ही । ता प ली ऽ
ढे कू ऽ ळ । सु टे ना ऽ
आ भा ऽ ळ । फु टे ना ऽ
का ऽ य क । रू ऽ ऽ ऽ

चौथ्या ओळीत 'रू'नंतर तीन मात्रा मोकळ्या आहेत बघा. चार अक्षरांचा चरण असल्यानं ती जागा आपोआप मिळते.

समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, कोणता शब्द येतो तेही इथंच बघून घ्या. "ही", "तो", "आणि", "पण" असले शब्द समेवर आले की गाणं लंगडतं. उलट ज्या शब्दासाठी ओळ लिहिली तो समेवर आला की पखवाजवाला न सांगता थाप मोकळी सोडतो.

लय साधारण मिनिटाला सत्तर मात्रांपासून सुरू करा. मेट्रोनोमचं ॲप फुकट मिळतं. चाल लावताना सगळेच नकळत लय वाढवतात. उत्साह असतो, दुसरं काही नाही.

गुणगुणा, आणि एक रात्र जाऊ द्या

ओळ ठेक्यात बसली की स्वर सुचायला लागतात. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, आपला षड्ज, म्हणजे सा, धरा आणि रेकॉर्डर चालू ठेवून त्याच चार ओळी दहा-बारा वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणा. वाईट आल्या तरी पुसू नका. मी हे काम सायकलवर करतो. माझ्या ओळखीची एक बाई कापूस वेचताना करते. हात कामात असले की गळा मोकळा होतो.

मग रेकॉर्डिंग न ऐकता झोपा. सकाळी चहा टाकताना त्यातली जी आपोआप ओठांवर येईल, ती ठेवायची. बाकीच्या कितीही हुशारीच्या असल्या तरी जाऊ द्यायच्या. जी चाल तुम्हालाच रात्रभर लक्षात राहत नाही ती गावाच्या लक्षात काय राहणार.

आता पेटी उघडा.

थोडे स्वर, आणि त्यांना कारण

सुरुवातीच्या चालींना पाच स्वर पुष्कळ झाले. भूपाचे सा रे ग प ध किंवा दुर्गाचे सा रे म प ध घेतले तर चुकायला फारशी जागाच राहत नाही. माझ्या ओळीत भर दुपारचं ऊन आहे आणि सारंग हा दुपारचा राग, म्हणून मी मध्यमाद सारंगाचे स्वर धरले: सा रे म प आणि कोमल नी. गंधार (ग) नाही, धैवत (ध) नाही. सकाळी ओठांवर आलेलं पेटीवर लावून पाहिलं तेव्हा थोडं दुरुस्त करून असं झालं (नी सगळीकडं कोमल):

काळी ही तापली: सा ऽ रे रे । म रे सा ऽ
ढेकूळ सुटेना: रे म ऽ म । प म रे ऽ
आभाळ फुटेना: म प ऽ प । नी प म ऽ
काय करू: रे ऽ म रे । सा ऽ ऽ ऽ

वाजवून बघा. पहिल्या तीन ओळींची ठेवण एकच आहे, फक्त प्रत्येक वेळी एक पायरी वरून सुरुवात होते. सा, मग रे, मग म. जमिनीपासून ढेकळापर्यंत, ढेकळापासून आभाळापर्यंत. चौथी ओळ परत जमिनीवर येऊन बसते. एकच तुकडा वरच्या स्वरावरून पुन्हा म्हणणं ही चाल बांधण्यातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भरवशाची युक्ती आहे. ऐकणाऱ्याला ओळखीचंही वाटतं आणि पुढं सरकल्यासारखंही. तीनदा करा. चौथ्यांदा केलंत तर कंटाळा येतो.

आणि 'फु'वर बघा. आवाज कोमल निषादापर्यंत (नी) चढतो आणि तिथून परततो. वरचा षड्ज एका हातावर असून त्याला शिवत नाही. आभाळ फुटत नाही ना, मग तार षड्ज, म्हणजे वरचा सा, कसा लावायचा? पहिल्या प्रयत्नात मी तो लावला होता. गळा तयार असला की हौस आवरत नाही. ऐकायला जोरकस वाटलं, पण शब्द खोटा पडला. तो स्वर काढला तेव्हा ओळ खरी वाटायला लागली. रागाचे नियम पाळण्याआधी शब्दाशी खोटं बोलू नये, असं माझं मत आहे. पंडित मंडळी रागावतील, रागावोत.

अंतरा

मुखड्यात, म्हणजे फिरून येणाऱ्या पहिल्या कडव्यात, जो स्वर राखून ठेवला तो अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यांच्या चालीत, खर्च करायचा. माझं शेवटचं कडवं असं आहे:

अचानक वारा । थेंब हा पडला ।
मातीत दडला । गंध सुटे ॥

"थेंब"वर तार षड्ज. पूर्ण गाण्यात पहिल्यांदा आणि समेवर. त्याच्या आधी "अचानक वारा" पंचम-निषादात (प-नी) घोटाळत ठेवला. "मातीत दडला"ला उतरत मध्यमावर (म) आलो आणि "गंध सुटे"ला मुखड्याच्या चौथ्या ओळीचीच चाल, म्हणजे धृपद धरायला सोपं. अंतऱ्यात तासभर अडकलात तर एवढंच करा. पहिल्या ओळीसाठी वरचा प्रदेश, शेवटच्या ओळीसाठी मुखड्याची शेपटी. मधलं गळा भरून काढतो. आणि मधल्या कडव्यांना वेगळी चाल लावायची हौस आवरा. आधी एक अंतरा नीट होऊ द्या.

दुसऱ्या वाटा

सगळ्यांनी शब्दांपासूनच निघावं असं नाही. ठेक्यापासून निघता येतं. हलगी किंवा संबळ अर्धा तास ऐका, त्यातला एक तुकडा तोंडानं बोलत राहा आणि त्या बोलांच्या जागी शब्द ठेवत जा. गोंधळ-आराध्यांच्या वळणाचं गाणं करायचं असेल तर हीच वाट बरी. नुसत्या सुरांपासूनही निघता येतं. "ता ना ना"वर चाल बांधायची आणि त्या मापावर नंतर शब्द लिहायचे. सिनेमात हेच जास्त चालतं. मला जमत नाही, कारण "ता ना ना"ला मी इतका जीव लावतो की नंतर आलेले शब्द पाहुण्यासारखे वाटतात.

आपल्याच मुलुखात तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी शारंगदेव होता. सिंघण राजाचा काळ. घराणं मूळचं काश्मीरचं, पण 'संगीतरत्नाकर' लिहिला तो इथं, आजच्या दौलताबादेत. त्यानं शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्याला वाग्गेयकार म्हटलं आहे. गाण्यातल्या शब्दांना मातु म्हणायचं आणि स्वरांना धातु, आणि दोन्हींत चांगला तो उत्तम. म्हणून चाल लावणाऱ्यांना मी सांगतो, चार ओळी स्वतः लिहून बघा. वाईट लिहा, पण लिहा. त्यानं कवीच्या अडचणी कळतात.

ऐकायला मात्र खूप हवं, आणि मोबाईलमध्ये जे आपोआप पुढं येतं तेवढ्यानं भागत नाही. जात्यावरच्या ओव्या ऐका. चार-पाच स्वरांतली चाल जात्यासारखीच फिरून जागेवर येते. हात जिथं वळतो तिथं सूर वळतो आणि श्वास कुठं घेतला ते कळतच नाही. घरात म्हातारी आजी असेल तर तिच्यापाशी बसा. नसेल तर ग्रामीण भारताच्या 'पारी' या ऑनलाइन संग्रहात एक लाखावर ओव्यांचा ठेवा आहे, त्यातल्या कितीतरी मराठवाड्यातल्या बायांच्या. पैठणच्या नाथांची भारुडं ऐका. बोलणं कुठं संपतं आणि गाणं कुठं सुरू होतं ते तपासा. खुलताबादेत उरुसाला कव्वाली ऐकायला मिळाली तर गायकापेक्षा मागच्या टाळ्यांकडं कान द्या. एकच ओळ दहा वेळा म्हणून दर वेळी तापवायची कशी, ते तिथं कळतं.

यातली ठेवण घ्या, चाल नाही. हे म्हणायला सोपं आहे. पंधराएक वर्षांमागं मी एक चाल बांधली, दोन रात्री जागून. मंडळात मोठ्या अभिमानानं म्हणून दाखवली. कोपऱ्यातले एक म्हातारे टाळकरी हसायला लागले. म्हणाले, "मास्तर, चांगलीय. आमचा आजा हीच म्हणायचा. तुमी कवा केली?" लहानपणी कुठल्यातरी सप्ताहात कानावर पडलेली ती चाल माझ्या डोक्यात मुक्कामाला होती. तेव्हापासून नवीन चाल मी तीन माणसांना ऐकवतो: एक जुना भजनी, एक सिनेमाची गाणी पाठ असलेला तरुण, आणि एक असा की ज्याला गाण्यातलं काही कळत नाही. पहिले दोघं उसनवारी पकडतात. तिसऱ्याला दुसऱ्या दिवशी विचारायचं, "म्हणून दाखव." मुखडा आला तर चाल पास.

पट्टी कुणाची?

हे मी अंगावर आल्यावर शिकलो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्वागतगीत केलं. चाल माझ्या पट्टीत, काळी एकमध्ये (म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज धरून), आणि अंतरा तार गंधारापर्यंत. मी घरी अंतरा सप्तक खाली म्हणून बघत होतो, त्यामुळं काही जाणवलं नाही. तालमीला सहावी-सातवीच्या मुलींनी तो लावला तेव्हा गाणं कमी आणि किंकाळी जास्त झाली. पट्टी काळी चारपर्यंत खाली आणली, तर मंद्र पंचमातला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-वरचा, मुखडा त्यांच्या पोटात गेला, ऐकूच येईना. शेवटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पट्टी तीच ठेवून अंतरा मोडला आणि तार षड्जावर थांबवला. मुखड्यालाही मध्य षड्जाखाली जाऊ दिलं नाही.

तेव्हा चाल बांधण्याआधीच विचारा, गाणार कोण. समूहासाठी असेल तर पूर्ण चाल एका सप्तकात, फार तर इकडं-तिकडं एखादा स्वर, एवढ्यात ठेवा. बायकांच्या भजनी मंडळाला काळी चारच्या आसपास षड्ज सोयीचा पडतो, पुरुषांना काळी एकच्या. तरी अंदाजावर जाऊ नका, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा स्वर त्यांच्याकडून लावून घ्या.

कीबोर्डवाल्यांसाठी एक इशारा

कीबोर्डवर डाव्या हाताला तयार साथ लावून चाल सजवायची आता पद्धत आहे. माझ्या चालीखाली षड्जाचा तयार कॉर्ड लावला तर त्यात सा-ग-प वाजतं. गंधार आला! जो स्वर चालीत कुठंच नाही तो खालून सतत वाजत राहतो आणि दुपारचं ऊन क्षणात लग्नाचा मांडव होतं. नुसता सा-प धरून ठेवा, तिसऱ्या ओळीखाली कोमल नी-रे-म एकदा द्या. पुरे. चालीत नसलेला स्वर साथीत आणायचा तर तो ठरवून आणा, यंत्रानं आणला म्हणून नको.

रेकॉर्ड करून ठेवा

स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, भिंतीला गादी उभी, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत. पेटी आवाज खाऊन टाकते म्हणून ती फोनपासून लांब, शक्य तर गाणाऱ्याच्या मागं. पत्र्याचं घर असेल तर पाऊस थांबेपर्यंत थांबा. दोन ट्रॅक वेगळे घ्यायचे असतील तर बँडलॅब फोनवर चालतं, संगणकावर ऑडॅसिटी. दोन्ही फुकट. आधी ठेका, तो इअरफोनमध्ये ऐकत गळा. आणि स्वरलिपी वहीत लिहाच, तारखेसह. फोन हरवतात.

हक्काचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. रचना लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवली की हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर पुरावा म्हणून कामाला येते. कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं शब्दांवर त्याचा आणि वारसांचा हक्क असतो. जुन्या संतांचे अभंग मोकळे आहेत, त्यांना खुशाल नवी चाल लावा. मात्र एखाद्या संगीतकारानं त्याच अभंगाला लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. मित्राच्या कवितेला चाल लावत असाल तर नावं कशी द्यायची आणि पैसे आले तर कसे वाटायचे, हे एका कागदावर आधीच लिहून घ्या. चहा पितानाच, हसत-खेळत.

दुसऱ्यांना शिकवताना

चाल मंडळाला देताना आधी ठेक्यात नुसते शब्द म्हणवून घ्या, मग एकेक ओळ, मग मुखडा चार वेळा, आणि त्यानंतरच पेटी. ते थोडी बदलतील. एखादी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सरळ करतील, एखादा स्वर खाली घेतील. बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं, गळ्याला जे सोसत नाही ते गावकी गाळून टाकते.

एकाच ठिकाणी अडून बसा. "काय करू"नंतरच्या त्या तीन मोकळ्या मात्रा. पखवाजवाल्याला तिथं तुकडा टाकायची घाई होते, टाळकऱ्यांना गजर करावासा वाटतो, पेटीवाल्याला पुढच्या ओळीचा सूर आधीच द्यावासा वाटतो. माझ्या मंडळात तिथं आम्ही तीन बोटं वर धरतो आणि सगळे थांबतात. नुसता तानपुरा चालू राहतो. मग पुन्हा 'का'.